बारा नंबरची ओली पिशवी

बारा नंबरची पिशवी शुक्रवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी भट्टीत गेली आणि संपली.

हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. असं काही झालेलं नाही. बारा नंबरची पिशवी बेसिंगस्टोक या इंग्रजी शहरातल्या एका बिझनेस पार्कमध्ये, युनिट नऊच्या मागच्या अंगाला, चार डिग्रीच्या शीतखोलीत, खालून दुसऱ्या फळीवर बसलेली आहे. वजन अकराशे एकाहत्तर ग्रॅम, तब्येत उत्तम. रोज दुपारी एक वाजता शार्दूल वानखडे तिला भेटायला येतो, आणि तो आल्याचं तिला अजिबात आश्चर्य वाटत नाही.

शार्दूल अकोल्याचा. वय एकतीस. शिक्षण माती, नोकरी माती. बिझनेस पार्कमधली बाकीची सगळी मराठी मंडळी आयटीत होती. ती युनिट चारमधून घोळक्याने बाहेर पडायची, घोळक्याने डबे उघडायची आणि घोळक्याने आत जायची. युनिट नऊमध्ये मातीची तपासणी चालायची. गोल्फच्या मैदानांची माती, बागांची माती, कुणाच्या तरी नव्या घराच्या पायाखालची माती. तिथे पाच माणसं होती, आणि त्यांतली तीन सहसा रजेवर असायची.

आल्यावर सहा महिन्यांनी तो तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला गेला होता. एका शाळेच्या हॉलमध्ये, बॅडमिंटनच्या जाळीशेजारी बाप्पा बसले होते. प्रसादाच्या रांगेत विनय नावाच्या गृहस्थांनी त्याला धरलं. विनयना इथे चौदा वर्षं झाली होती आणि ती त्यांच्या जॅकेटवरूनही दिसत होती.

"नवीन का? कुठला क्लायंट?"

"आइसलंड."

"वा! बँकिंग?"

"कुरण."

"हे स्टार्टअप आहे का?"

"नाही. कुरण. मेंढ्या चरतात ते. मी त्यांच्या खालची माती बघतो."

विनय बराच वेळ हसले. मग शार्दूल हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी अत्यंत प्रेमाने त्याच्या हातात दोन मोदक दिले, जसे आपण आजारी माणसाला देतो. त्यानंतर मंडळात त्याला कुणी काही विचारलं नाही. दोनशे त्रेचाळीस माणसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तो होता. त्यावर ताजा कढीपत्ता कुणाकडे आहे आणि या शनिवारी वेम्बलीच्या देशी दुकानांत कोण जातंय, एवढं त्याला नियमित कळायचं.

आता माती. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण या गोष्टीत सगळ्यात जास्त स्वभाव तिलाच आहे.

आइसलंडमध्ये ज्वालामुखी उठतो, राख उधळतो, ती राख वाऱ्याने कुरणावर येऊन बसते. तिच्यावर गवत येतं, गवतावर मेंढी येते, थंडी सगळ्यांवर येते. हजारो वर्षं हे चालू राहिलं की राखेची माती होते. ही माती हातात घेतली तर वाटतं, कुणी आतून पोखरून दिली आहे. इतकी हलकी. पण पाणी धरते स्वतःच्या वजनाहून जास्त, आणि ते चेहऱ्यावर दिसू देत नाही. वरून कोरडीठाक वाटणारं ढेकूळ चिमटीत धरून अंगठ्याने दाबलं की एकदम पाघळतं, बोटं ओली होतात. हात काढला की पुन्हा घट्ट, जसं काही झालंच नाही. खत टाकलं तर त्यातला फॉस्फरस पकडून ठेवते, गवताला देत नाही. हिवाळ्यात गोठून फुगते, त्यामुळे सगळं कुरण गुडघ्याएवढ्या उंचवट्यांनी भरून जातं आणि मेंढ्या त्यांच्यामधून वाट काढत फिरतात. आणि एकदा वरचं गवत फाटलं की वारा तिला मुळासकट उचलून नेतो.

अशा मातीच्या बारा पिशव्या सिग्रून नावाच्या बाईंनी एका कुरणातल्या एका खड्ड्यातून काढून पाठवल्या होत्या. परदेशी माती या देशात येते ती परवान्यावर. किती दिवस राहायचं, कुठल्या पत्त्यावर राहायचं आणि मुदत संपली की काय करायचं, सगळं परवान्यात लिहिलेलं. पिशव्यांचा परवाना आणि शार्दूलचा व्हिसा एकाच फाइलच्या कपाटात ठेवलेले होते, फक्त कप्पे वेगळे.

प्रत्येक पिशवीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ओली ठेवावी.

शार्दूलने ते वाचलं. त्याला इंग्रजी येत होतं. पण अकोल्याच्या कृषी विद्यापीठात सहा वर्षं घालवलेल्या माणसाने ही सूचना प्रवासापुरती धरली. घरी पोचेपर्यंत भाजी ओल्या फडक्यात ठेवा म्हणतात, तशी. कारण अकोल्यात मातीचा नमुना आला की पहिलं काम एकच: सावलीत वाळवायचा. मग लाकडी मोगरीने कुटायचा, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचा, ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे. पहिल्या वर्षी त्याच्या सरांनी एका मुलाला आठवडाभर ओली माती टेबलावर ठेवल्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं होतं. ओली माती म्हणजे आळशी माणूस. हे त्याच्या हाडांत गेलेलं होतं.

आणि अकोल्याची काळी माती वाळवून बिघडतही नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पोरांच्या चपला गिळते, आणि पाणी मिळालं की फुगून पुन्हा होती तशी. तिच्यावर कितीही अन्याय करा, तिच्या लक्षात राहत नाही.

तर नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, सगळ्यांच्या आधी कामाला लागून छाप पाडावी म्हणून, शार्दूलने पिशव्या वाळत घातल्या. खाली अंथरायला वर्तमानपत्र हवं होतं. युनिट नऊमध्ये वर्तमानपत्र वाचणारं कुणी नव्हतं. पण आईने लोणच्याच्या आणि चटणीच्या बरण्या अकोल्याच्या पेपरात गुंडाळून दिल्या होत्या. पानं निघाली बारा. आइसलंडचं कुरण अकोल्याच्या बाजारभावांवर, निधनवार्तांवर आणि शिकवणीच्या जाहिरातींवर पसरलं. अकरा पानांवर अकरा पिशव्या. बाराव्या पानावर लोणच्याचं तेल झिरपलेलं होतं. तेलामुळे नमुना खराब होतो. शार्दूल शास्त्राच्या बाबतीत कडक माणूस होता, म्हणून बारा नंबरची पिशवी त्याने न उघडता परत आत ठेवली.

माती वाळली. त्याने कुटली, चाळली. छान कॉफीसारखी पूड झाली. मग सवयीने एका वाटीत थोडी घेऊन वर पाणी ओतलं.

पाणी वर थांबलं. चमच्याने ढवळलं तर पूड फिरली, पाणी फिरलं, दोघं एकमेकांना ओळख न देता फिरत राहिले. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्याने पूड चिमटीत धरून दाबली. ती रवाळ लागली. पाघळली नाही. त्याने संपूर्ण दुपार अकरा वाट्यांसमोर खुर्ची टाकून काढली, आणि मग प्रयोगशाळेतल्या जाड पुस्तकात तो परिच्छेद शोधला जो त्याने आठवड्याभरापूर्वी शोधायला हवा होता. राखेच्या मातीला एकदा वाळवलं की तिची आतली घडण बदलते. नंतर कितीही पाणी दिलं तरी ती पहिल्याएवढं घेत नाही. हे परत फिरवता येत नाही, असं पुस्तकात साध्या टायपात छापलेलं होतं. लाल शाई नाही, चौकट नाही, काही नाही.

शार्दूलने अकरा पुड्या पाणी शिंपडून ओल्या दिसतील अशा केल्या, पिशव्यांत भरल्या, तोंडं बांधली आणि फळीवर ठेवल्या. बाहेरून बाराही सारख्या दिसत होत्या. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं कुणी नव्हतंच, त्यामुळे त्यासाठी वेगळे कष्ट पडले नाहीत.

त्या दिवसापासून तो बारा नंबरला जपू लागला. सुरुवातीला फक्त वजन घ्यायचा. पिशवी महिन्याला एखादा ग्रॅम पाणी गमवायची. अकराशे चौऱ्याऐंशी, अकराशे त्र्याऐंशी. तो वहीत लिहायचा आणि पिशवीच्या तोंडाची गाठ आणखी आवळायचा. मग डबाही शीतखोलीत नेऊ लागला. जॅकेट घालून, प्लॅस्टिकच्या क्रेटवर बसून, चार डिग्रीत पोळीभाजी खायचा. भाजीला चार मिनिटांत कुरणाचं तापमान यायचं.

बोलायला लागला ते कधी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"काय वं, झोपली काय? बाहेर पानी येऊन राह्यलं. इथलं पानी असंच, पडते पन दिसत नाही."

पिशवी ऐकून घ्यायची.

"काल त्या गोल्फवाल्याची माती आली. अशी चिकट, अशी चिकट, काय सांगू तुले. दिवसभर हात धुऊन राह्यलो."

ऑफिसात इंग्रजी, मंडळाच्या ग्रुपवर पुण्याची मराठी, घरी भिंत. त्याची वऱ्हाडी इतर कुठे खर्चच होत नव्हती. रविवारी आईचा फोन यायचा, तर तिच्याशीही तो तसलंच नीटनेटकं बोलू लागला होता. एकदा ती थांबून म्हणाली, "असा काहून बोलून राह्यला रे तू? बँकेतून फोन आल्यावानी."

"नाही गं आई. मी व्यवस्थित आहे."

"पाह्य बरं. पुन्हा तसाच."

त्याने वऱ्हाडीत एक वाक्य मनात जुळवलं. ते जुळेपर्यंत आईने भावाकडे फोन दिला होता.

असं वर्ष गेलं. मार्चच्या पहिल्या सोमवारी नीना शीतखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. नीना त्याची मॅनेजर. कॉव्हेंट्रीत जन्मलेली, पंचेचाळिशीची, आईवडील साताऱ्याकडचे. ती मराठी फक्त तिसरं कुणी नसताना बोलायची, जसे काही लोक कुणी नसतानाच गातात.

"शार्दूल, तू इथे जेवतो?"

"शांत असतं, नीनाताई."

"फ्रीझिंग आहे. बरं, ऐक ना. हा आइसलंडचा माती, त्याचा लायसन्स एकतीस मार्चला संपतो. सगळे बारा डिस्ट्रॉय करायचं. त्याच्याआधी पाण्याची टेस्ट बाराच्या बारा पिशवीची झाली पाहिजे, असं ओरिजिनल प्लॅनमध्ये आहे. तुला जमेल?"

"डिस्ट्रॉय म्हणजे?"

"भट्टी. साडेचारशे डिग्री. तू सर्टिफाइड आहेस ना?"

तो सर्टिफाइड होता. दोन दिवसांचा कोर्स होता, शेवटी सँडविच दिलं होतं.

त्या आठवड्यात शार्दूलने दोन मार्ग शोधून काढले. पहिला सरळ होता: बारा नंबरच्या मातीचे बारा वाटे करायचे आणि बारा पिशव्यांची चाचणी म्हणून दाखवायचे. आकडे सुंदर आले असते. फक्त त्यात बारा नंबर संपली असती, आणि वर खोट्या नावांनी. त्याने सुरी हातात घेतली, पिशवीकडे पाहिलं आणि सुरी धुऊन ठेवली. ती वापरलेली नव्हती.

दुसरा मार्ग बेकायदेशीर होता. त्याने मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: "कुणाच्या फ्रिजमध्ये सव्वा किलो मातीपुरती जागा आहे का? काही वर्षांसाठी."

एक अंगठा आला. मग वैजयंतीकाकूंचा निरोप आला. काकू मंडळाच्या संस्थापक सदस्य, ग्रुपवर कुठलाही प्रश्न अनुत्तरित राहू द्यायच्या नाहीत. "तुळशीला चालेल का रे? माझी प्रत्येक हिवाळ्यात जाते."

"नाही काकू. ही माती फॉस्फरस धरून बसते, झाडाला देत नाही. तुळस उपाशी मरेल."

"आमच्या ह्यांच्यासारखी आहे म्हणजे," काकूंनी लिहिलं. "पण फ्रिजमध्ये का ठेवायची?"

"वाळली तर परत पहिल्यासारखी होत नाही."

यावर काकूंनी दोन हात जोडले आणि एक फूल पाठवलं. मग कुणीतरी विचारलं, वेम्बलीहून येताना कोथिंबीर आणाल का, आणि विषय संपला.

गुरुवारी दुपारी तो नीनाच्या केबिनमध्ये गेला आणि दार लावून घेतलं. तिने घाबरून लॅपटॉप मिटला. दार लावून घेणारी माणसं तिच्या अनुभवात राजीनामाच द्यायची.

त्याने सगळं सांगितलं. अकोला, सर, मोगरी, चाळणी, लोणचं. वर्षभर मनात इतक्या वेळा म्हणून पाहिलं होतं की कुठे अडखळला नाही. "अकरा पिशव्या मी मारल्या," तो म्हणाला, "आणि वर्षभर लपवलं. जे व्हायचं ते होऊ दे."



"शार्दूल, दॅट प्रोजेक्ट क्लोज्ड इन नोव्हेंबर."

"काय?"

"नोव्हेंबर. मला वाटलं ते फक्त प्लॅनमध्ये टिक करायला आहे. तुला ईमेल नाही आला?"

"नाही."

तिने लॅपटॉप उघडून बघितलं. "अरे. तू त्या लिस्टवर नव्हता. सॉरी. माझा चूक आहे. सिग्रून रिटायर झाली, तिकडचा डिपार्टमेंट दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये गेला. रिझल्ट कोणाला नको आहे."

"अकरा पिशव्यांचे?"

"बाराच्या."

बाहेर युनिट चारचा घोळका डबे धुऊन परत चालला होता. त्यांच्यातलं कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे एकदम हसले.

"मग मी नोव्हेंबरपासून काय करतोय?"

"तू..." नीनाने प्रामाणिकपणे विचार केला. "तू माती सांभाळतोयस."

"नीनाताई, मला रागवा ना."

"का?"

"कुणीतरी रागवायला हवं. मी एक वर्ष वाट बघतोय."

नीनाने ओठ आवळले. तिने हात टेबलावर ठेवले, मॅनेजरच्या कोर्समध्ये शिकवतात तसे. "आय ॲम अ लिटल डिसअपॉइंटेड."

"मराठीत."

ती छताकडे बघू लागली. कुठूनतरी लांबून, कॉव्हेंट्रीच्या एखाद्या स्वयंपाकघरातून, शब्द शोधत असावी. मग तिने भुवया खाली आणल्या, तर्जनी वर केली आणि बारीक आवाजात म्हणाली, "गाढवा."

तिने तर्जनी खाली घेतली.

"बाबा असं म्हणायचे. मी बरोबर बोलला?"

"अगदी बरोबर," तो म्हणाला, आणि टेबलावरचं पाणी प्यायला. पाणी सगळंच्या सगळं आत गेलं.

"पण डिस्ट्रॉय करावं लागणार," दारापर्यंत गेल्यावर ती मागून म्हणाली. "त्याचा ऑडिट असतो. सायन्स कोणी चेक नाही करत. ते मात्र करतात."

त्या संध्याकाळी त्याने सिग्रूनबाईंचा खाजगी पत्ता शोधून त्यांना कबुलीजबाब पाठवला. शेवटी विचारलं की त्याच खड्ड्यातून पुन्हा नमुने मिळतील का. मिळाले असते तर निदान बारा नंबरला भाऊबंद तरी राहिले असते.

उत्तर चार दिवसांनी आलं. बाई मोजकं लिहायच्या. खड्डा आता नाही, त्यांनी कळवलं. दोन वादळी हिवाळ्यांत कडेचं गवत फाटलं, मग वाऱ्याने खड्डा नेला आणि खड्ड्याभोवतीचं कुरणही. खाली नुसती खडी उघडी पडली आहे. मेंढ्या अजून तिथे जाऊन उभ्या राहतात, कारण त्यांना कुणी कळवलेलं नाही. अकरा पिशव्यांचं वाईट वाटलं. मग एक ओळ सोडून: बारा नंबरला अजून वास येतो का?

दुसऱ्या दिवशी एक वाजता शार्दूलने डबा बाजूला ठेवला आणि वर्षात पहिल्यांदा बारा नंबरचं तोंड उघडलं. आत चॉकलेटी अंधार होता, त्यात केसासारखी मुळं, आणि मधोमध बोटभर जाडीचा राखेचा काळा पट्टा. कुठल्यातरी शतकातली एक वाईट दुपार. वास होता. पावसात भिजलेली घोंगडी दाराआड टांगून ठेवावी, तसा. इंग्रजीत ते कसं लिहायचं याचा त्याने बराच विचार केला आणि शेवटी सिग्रूनबाईंना एवढंच लिहिलं: येतो.

मग एक विचार त्याच्या मनात आला आणि तो क्रेटवर बसला. ते कुरण आता जगात कुठेच नव्हतं. जे होतं ते एवढंच, अकराशे एकाहत्तर ग्रॅम, बेसिंगस्टोकमध्ये, खालून दुसऱ्या फळीवर. आणि महिनाअखेरच्या शुक्रवारी ते जाळायला जो माणूस सर्टिफाइड होता, तो समोर बसून त्याच्याकडे बघत होता.

"आता काय करू वं?" त्याने विचारलं.

तिने दरवेळेसारखं ऐकून घेतलं.

शुक्रवारी सकाळी अकरा कोरड्या पिशव्यांचं काम झालं. त्यांच्याबद्दल त्याला फारसं वाटलं नाही. त्यांचं जे व्हायचं ते वर्षापूर्वीच झालेलं होतं. मातीला लागलेली अकोल्याच्या पेपरची अकरा पानंही परवान्याच्या नियमात बसत होती, म्हणून तीही गेली. एका पानावर कुणा दिगंबररावांचं प्रथम पुण्यस्मरण होतं. त्यांचं ते दुसऱ्यांदा झालं.

पावणेतीनला नीना साक्षीदार म्हणून सही करायला आली. तिने कानाला संरक्षक, डोळ्याला चष्मा, हाताला मोजे, सगळं नियमाप्रमाणे घातलं होतं. बारा नंबर टेबलावर होती.

"हाच तो?"

"हीच ती."

"मी हात लावू?"

शार्दूलने एक ढेकूळ काढून तिच्या तळहातावर ठेवलं. "मोजा काढा. आता अंगठ्याने दाबा. हळू."

तिने दाबलं. ढेकूळ क्षणभर तसंच राहिलं आणि मग एकदम पाघळलं. तिच्या मनगटावरून पाण्याचा ओघळ गेला. ती दचकली, अंगठा काढला. ढेकूळ पुन्हा घट्ट होऊन गप्प बसलं.

"हा रडला," नीना म्हणाली.

"हो."

"आणि आता परत ठीक आहे." तिने ढेकूळ नाकाजवळ नेऊन बघितलं. "असा कसा करतो?"

"सवय आहे तिला."

नीनाने ढेकूळ फार काळजीपूर्वक परत पिशवीत ठेवलं, जागच्या जागी, जणू ती पिशवी अजून बराच काळ वापरायची होती. मग मोजा घातला.

आणि तीन वाजून दहा मिनिटांनी काहीही झालं नाही. हे सुरुवातीलाच ठरलेलं आहे. काहीही न झाल्यामुळे भट्टीतून आधी पुष्कळ वाफ निघाली, अर्धा तास निघतच राहिली, आणि समोरची काच आतून धुरकटली. शार्दूल काचेपाशी उभा होता. "एवढं पाणी कुठे होतं याच्यात?" नीनाने विचारलं, आणि त्याने सांगितलं, "ती दाखवत नाही." काहीही न झाल्यावर ट्रेमध्ये जे उरलं ते विटकरी रंगाचं होतं. वजन चारशे अडतीस ग्रॅम. ते त्याने वहीत लिहिलं, तारीख घातली, आणि सवयीने खाली पुढच्या सोमवारची तारीखही घातली.

नीनाने जाताना विचारलं, "सोमवारी कुठे जेवणार? आमच्याबरोबर किचनमध्ये ये." तिला किचनमध्ये सहसा कुणी नसतं हे माहीत होतं. त्यालाही होतं. "येतो," तो म्हणाला.

रविवारी आईचा फोन आला. तिने विचारलं, जेवला काय. तो म्हणाला, "हाव." त्याने आणखी काही आठवून पाहिलं, पण तेवढंच निघालं.

नष्ट केल्याच्या फॉर्मच्या शेवटी "इतर काही" अशी एक चौकट असते. आजवर ती कुणी भरलेली नव्हती. सोमवारी सकाळी शार्दूलने ती भरली. जागा कमी पडली म्हणून पुरवणी जोडली, प्रत सिग्रूनबाईंना लावली, आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवून दिली:

"विषय: पिशवी क्रमांक १२ हिला मूळ जागी परत जाण्याची परवानगी मिळण्याबाबत.

महोदय, वरील पिशवी आपल्या परवान्यावर या देशात राहत होती. तिच्या वास्तव्यात तिच्याविरुद्ध एकही तक्रार नाही. मुदत संपल्याने दि. २८ मार्च रोजी तिला नियमाप्रमाणे नष्ट करण्यात आलं असल्याची नोंद आहे. सदर नोंद कृपया रद्द समजावी. पिशवीला तिच्या मूळ खड्ड्यात, मूळ खोलीवर, काळा पट्टा आडवा येईल अशा रीतीने परत ठेवण्याची परवानगी द्यावी. खड्डा उपलब्ध नसल्यास तो आधी परत मागवण्यात यावा. त्याभोवतीच्या कुरणासही हाच नियम लागू करावा. मेंढ्या जागेवर आहेत.

या अर्जाचा निर्णय होईपर्यंत अर्जदारास चार डिग्री सेल्सिअस तापमानात, तोंड बांधून, खालून दुसऱ्या फळीवर ठेवण्यात यावं, आठवड्यातून एकदा वजन घ्यावं, आणि कुठल्याही परिस्थितीत वाळू देऊ नये, ही नम्र विनंती."